एकच फ्रँकेन्स्टाइन, तीन चौकटी

२०२० साली वॉर्नर आर्काइव्ह या जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या कंपनीने ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ या १९५७च्या ब्रिटिश भयपटाचा नवा ब्ल्यू-रे काढला. त्यात तोच चित्रपट तीनदा आहे. पीटर कुशिंग तोच, ख्रिस्तोफर ली तोच, एकही प्रसंग कमी-जास्त नाही. फरक फक्त चित्राच्या आकाराचा: एकदा १.८५, एकदा १.६६ आणि एकदा १.३७. ज्याला या भानगडीची कल्पना नाही त्याला हा निव्वळ चोखंदळपणाचा अतिरेक वाटेल. पण जुन्या भयपटांचे शौकीन या आकड्यांवरून वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत आहेत, आणि माझ्या मते त्यांचं भांडण फुकाचं नाही.

आधी आकडे समजून घेऊ. चित्राच्या रुंदीला उंचीने भागलं की हा आकडा येतो. पडद्याची उंची एक फूट धरली, तर १.३७ म्हणजे रुंदी साधारण एक फूट साडेचार इंच. १.८५ म्हणजे एक फूट दहा इंच. २.३५ म्हणजे दोन फूट चार इंच. हेच आस्पेक्ट रेशो. गणित एवढंच आहे. खरा प्रश्न असा की एखाद्या चित्रपटाचा ‘बरोबर’ आकडा ठरवायचा कसा आणि कोणी? निगेटिव्ह समोर ठेवलं की उत्तर मिळेल असं वाटतं, पण निगेटिव्ह बऱ्याचदा दिशाभूलच करतं.

मूकपटांच्या काळात गोष्ट सरळ होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या दोन्ही कडांच्या छिद्रांमधली जवळजवळ सगळी जागा चित्राला मिळायची आणि आकार यायचा १.३३, म्हणजे चारास तीन. मग बोलपट आले आणि फिल्मच्या एका बाजूला आवाजाची पट्टी येऊन बसली. तेवढी रुंदी गेली, उंची होती तशीच राहिली, आणि चित्र जवळपास चौरस झालं: १.१९. कार्ल ड्रायरचा ‘व्हॅम्पायर’ (१९३२) या आकाराचा आहे. हॉलिवूडने १९३२ साली वरखालीही थोडी काटछाट करून १.३७ हा आकार पक्का केला. त्याला अकॅडमी रेशो म्हणतात, आणि पुढची वीसेक वर्षं तोच चालला.

या पहिल्या टप्प्यातसुद्धा घोळ व्हायचेच. मूकपटाची कॉपी बोलपटाच्या मापाच्या यंत्रातून काढली की चित्राची डावीकडची पट्टी गायब, कारण तिथे आता आवाजाची जागा असते. १.१९चा चित्रपट १.३७च्या चौकटीत बसवला की उंचीतला तेरा टक्के भाग जातो, म्हणजे कुणाचा कपाळाचा वरचा भाग, कुणाची हनुवटी. तरी या काळाबद्दल फारसे वाद होत नाहीत. मूळ आकार ठाऊक असतो, चूक झाली तर ती चूक म्हणूनच दाखवता येते. खरी ठिणगी पडते ती १९५३ साली.

अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला होता आणि थिएटरं ओस पडू लागली होती. टीव्हीचा पडदाही जवळपास त्याच आकाराचा, १.३३चा, म्हणजे जे घरी फुकट दिसतं तेच थिएटरात पैसे देऊन पाहायचं. स्टुडिओंनी मग घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं ठरवलं. १९५२च्या सप्टेंबरात तीन प्रोजेक्टर लावून अवाढव्य वक्र पडद्यावर सिनेरामा आला. त्याच वर्षअखेरीस थ्री-डीची लाट आली. १९५३च्या सप्टेंबरात ‘द रोब’ घेऊन सिनेमास्कोप आला, ज्यात खास भिंगाने चित्र आडवं दाबून फिल्मवर घेतात आणि थिएटरात पुन्हा पसरवतात. (आपल्याकडे तो ‘कागज के फूल’मधून १९५९ साली पोहोचला, आणि पुढे कित्येक वर्षं हिंदी पोस्टरांवर ‘सिनेमास्कोप’ हा शब्द नटांच्या नावाइतक्याच दिमाखात छापला जायचा.)

पण सगळ्यांत स्वस्त उपाय वेगळाच होता आणि आजचे बहुतेक वाद त्यातूनच निघतात. कॅमेरा तोच, फिल्म तीच, चित्रीकरणही पूर्वीसारखंच पूर्ण १.३७चं. फक्त थिएटरातल्या प्रोजेक्टरमध्ये, फिल्मच्या पुढ्यात, कमी उंचीच्या भोकाची धातूची पट्टी बसवायची. वरचा आणि खालचा भाग झाकला जातो, उरलेलं चित्र दुसऱ्या भिंगाने मोठं करून रुंद पडद्यावर टाकायचं. फोटो फ्रेम करणारा फोटोवर पुठ्ठ्याचा माउंट ठेवतो, तसंच हे. फोटो कापलेला नसतो, पण माउंटखालचा भाग दिसावा अशी फोटोग्राफरची अपेक्षाही नसते. १.३७वरून १.६६वर आलं की सुमारे साडेसतरा टक्के उंची झाकली जाते. १.८५वर आलं की तब्बल सव्वीस टक्के.

हा आकडा नेमका किती असावा यावर स्टुडिओंचं एकमत नव्हतं. पॅरामाउंट १.६६ म्हणत होतं, एमजीएम १.७५, तर युनिव्हर्सल आणि कोलंबिया १.८५. कॅमेरामनच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नव्या चौकटीच्या खुणा आल्या आणि महत्त्वाचं सगळं त्या खुणांच्या आत ठेवायचं अशी शिस्त पडली. ज्यांचं चित्रीकरण आधीच झालं होतं असे चित्रपटही काहींनी या लाटेत ढकलले. ‘शेन’ हा वेस्टर्न १.३७साठी टिपलेला, पण १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो लागला १.६६मध्ये. थिएटरात जे दाखवलं तेच दिग्दर्शकाच्या मनात होतं, हे गृहीत धरणाऱ्यांनी ‘शेन’ आठवावा.

म्हणून या काळातल्या चित्रपटाचं वर्षच काय, महिनासुद्धा पाहावा लागतो. वॉर्नरचा ‘हाउस ऑफ वॅक्स’ १९५३च्या सुरुवातीला चित्रित झाला आणि एप्रिलमध्ये लागला. तो १.३७चा, आणि ब्ल्यू-रेवरही तसाच आहे. युनिव्हर्सलचा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ त्याच वर्षीच्या शरद ऋतूत चित्रित झाला. तोही थ्री-डी, तोही भयपट, पण तो १.८५चा. दोघांत जेमतेम काही महिन्यांचं अंतर आहे. तरीही ‘क्रीचर’ डीव्हीडीवर बरीच वर्षं १.३३मध्येच मिळत होता, कारण पन्नाशीच्या दशकातला कृष्णधवल चित्रपट म्हणजे चौकोनीच असणार, हा समज घट्ट होता. २०१२च्या ब्ल्यू-रेवर १.८५ आला, तेव्हा ‘आमचं चित्र कापलं’ म्हणून ओरड झाली.

त्यातला एक प्रसंग पाहा. नायिका तळ्याच्या पृष्ठभागावर पोहते आहे आणि तो प्राणी तिच्या बरोबर खाली, पाठीवर उलटा होऊन, तिच्या हातांच्या लयीत पोहतो आहे. १.३३मध्ये या दोघांच्या वरखाली भरपूर पाणी दिसतं. १.८५मध्ये ते पाणी जातं आणि चौकटीच्या कडा दोघांवर वरून-खालून येऊन ठेपतात. पहिल्यात तुम्ही तळं पाहता. दुसऱ्यात तिला आपल्या खाली काय आहे याची कल्पना नाही, एवढंच उरतं. चित्र कमी झालं आणि प्रसंग वाढला.

तरीही ‘जास्त दिसतं तेच खरं’ हा युक्तिवाद मरत नाही, आणि त्याला खतपाणी टीव्हीने घातलं. टीव्हीसाठी प्रिंट काढताना माउंट काढून टाकायचा, पूर्ण १.३७चं चित्र उघडं करायचं, की चौकोनी पडदा आपोआप भरतो. याला ओपन मॅट म्हणतात. दोन-तीन पिढ्यांनी जुने चित्रपट टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटवर असेच पाहिले आणि तेच मूळ रूप मानलं. या उघड्या भागात पुष्कळदा नुसतं छत, नुसती फरशी, आणि अधूनमधून वरून लोंबणारा माइक असतो. विनोदी चित्रपटात माइक दिसला तर आपण हसून सोडून देऊ. झपाटलेल्या वाड्यात तो दिसला की वाडा संपला, सेट सुरू झाला.

या वादातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’चं (१९८०). सुरुवातीला डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने एक छोटी पिवळी गाडी जाते आहे आणि कॅमेरा हेलिकॉप्टरमधून तिचा पाठलाग करतो आहे. कुणीतरी वरून पाहतंय आणि ते माणूस नाही, अशी ती भावना. जुन्या चौकोनी व्हिडिओत याच दृश्यांत एका ठिकाणी उजव्या खालच्या कोपऱ्यात हेलिकॉप्टरची सावली डोंगरावरून सरकताना स्पष्ट दिसते. रुंद चौकटीत ती बव्हंशी कापली जाते.

आता गंमत अशी की कुब्रिकच्या हयातीत आणि त्यानंतर काही वर्षं निघालेल्या घरगुती आवृत्त्या १.३३च्या होत्या, आणि त्या त्याच्याच मर्जीने. १९९९ साली तो गेला. पुढे रुंद टीव्ही आले, २००७मध्ये चित्रपट रुंद आकारात निघाला आणि चाहत्यांचे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, खुद्द दिग्दर्शकाने मान्य केलेला आकार तुम्ही बदलणारे कोण? दुसऱ्या बाजूकडे कुब्रिकच्या संग्रहातला एक कागद आहे. ‘शायनिंग’च्या स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉट आधी चितारून ठेवलेल्या कागदावर, त्यानेच लिहिलंय की चौकट नेमकी १.८५ची आहे, रचना तिच्यासाठी करायची, पण पूर्ण १.३३चा भागही सांभाळायचा. म्हणजे रचना थिएटरसाठी आणि काळजी टीव्हीसाठी. त्या काळच्या छोट्या टीव्हीवर काळ्या पट्ट्या घालून चित्र आणखी बारीक करण्यापेक्षा पडदा भरलेला बरा, असा त्याचा व्यावहारिक निर्णय असावा. पडदाच बदलल्यावर त्या तडजोडीला कवटाळून बसण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं. हेलिकॉप्टरच्या सावलीत गूढ अर्थ शोधणारे लोकही आहेत. त्यांना दुरूनच नमस्कार.

कागद महत्त्वाचा ठरतो तो असा. कुब्रिकच्याच ‘बॅरी लिंडन’चा ब्ल्यू-रे २०११ साली १.७८मध्ये आला आणि तो बरोबर असल्याची ग्वाहीही दिली गेली. मग १९७५च्या डिसेंबरमधलं प्रोजेक्टर ऑपरेटरांना लिहिलेलं पत्र उजेडात आलं: चित्रपट १.६६चा आहे, तसाच दाखवा आणि कोणत्याही परिस्थितीत चौकट १.७५च्या पुढे नेऊ नका. एका पत्राने वाद मिटला.

सिनेमास्कोपच्या भयपटांचं दुखणं उलट आहे. तिथे वरखाली लपवलेलं काहीच नसतं. २.३५चं चित्र चौकोनी टीव्हीवर भरायचं तर डावी-उजवी बाजू कापावी लागते, आणि त्रेचाळीस टक्के रुंदी जाते. कुठला सत्तावन्न टक्के भाग दाखवायचा, हे व्हिडिओ कंपनीतला तंत्रज्ञ शॉटगणिक ठरवायचा. गरज पडली तर चौकट डावीकडून उजवीकडे सरकवायचा, म्हणजे कॅमेऱ्याने न केलेली हालचाल चित्रपटात घुसायची.

‘द इनोसंट्स’ (१९६१) हे यातलं माझं लाडकं उदाहरण. एका एकाकी वाड्यात दोन मुलं, त्यांची गव्हर्नेस झालेली डेबोरा कर, आणि तिला दिसणारी, किंवा दिसतात असं वाटणारी, मेलेली माणसं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा आग्रह म्हणून चित्रपट सिनेमास्कोपमध्ये करावा लागला. इतक्या रुंद चौकटीत कोंडल्यासारखं वाटायला लावायचं कसं? कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसने भिंगापुढच्या फिल्टरच्या कडा रंगवून काळ्या केल्या, म्हणजे चित्राच्या दोन्ही टोकांना अंधार दाटत जाईल. मेणबत्ती घेऊन ती जिन्यावरून जाते तेव्हा उजेड तिच्याभोवती आणि दोन्ही बाजूंना हा रंगवलेला काळोख. चौकोनी टीव्हीसाठी बाजू कापल्या की नेमका हा काळोखच कापला जातो. राहते ती एक घाबरलेली बाई, आणि ती कशाला घाबरली आहे ते कचऱ्यात.

‘हॅलोविन’मध्येही (१९७८) हेच. जॉन कार्पेंटर आणि कॅमेरामन डीन कंडी यांनी खुनी माणसाला चौकटीच्या टोकाला, पाठीमागच्या अंधारात उभं करून ठेवलंय. शेवटाकडे नायिका लॉरी दाराशी दमून बसली आहे, तिच्या लेखी सगळं संपलंय, आणि तिच्या मागे, अस्पष्ट दिसणारा तो सरळ उठून बसतो. ती आणि तो एकाच चौकटीत आहेत, काट नाही. प्रेक्षकाने स्वतः त्याला हेरायचं यातच सगळा थरार आहे. चौकट अर्धी केली तर एक तर ती दिसते, नाही तर तो.

मग रुंद टीव्ही आले आणि रडगाणं उलटं सुरू झालं. आजच्या टीव्हीचा आकार १६:९, म्हणजे १.७८. अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्याने ऐंशीच्या दशकात जुन्या-नव्या सगळ्या आकारांचा मेळ घालून तो सुचवला. चौकोनी आणि सिनेमास्कोप या दोन टोकांच्या मधोमध तो बसतो, म्हणून कुठल्याच चित्रपटाला अगदी नेमका बसत नाही. पूर्वी रुंद चित्रपटांना चौकोनी करायचे, आता चौकोनींना रुंद करायचा मोह होतो. रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) १.३७चा आहे. रुंद टीव्हीभर ताणून तो पाहिला की प्रेतं आधीच चालायला अवघडलेली, त्यात लठ्ठही होतात. १.८५चा चित्रपट १.७८ करून विकणं मात्र सर्रास चालतं. तो फरक चार टक्क्यांचा आहे, आणि त्यावरून भांडणाऱ्यांचं आयुष्य माझ्यापेक्षा निवांत असावं.

वाद खरोखर सोडवायचा तर पुरावे कसे पाहतात? थ्री-डी फिल्म आर्काइव्हच्या बॉब फर्मानेक यांनी पन्नासच्या दशकातली धंद्याची नियतकालिकं, स्टुडिओंची कागदपत्रं चाळून कुठला चित्रपट कुठल्या आकारासाठी केला होता याच्या नोंदी बाहेर काढल्या. आठवणी आणि आवडीनिवडीवर चाललेल्या भांडणात यामुळे जमीन आली. कागद नसेल तर चित्रातच शोध घ्यायचा. माणसं उभी असताना डोक्यावर किती मोकळी जागा आहे? एखाद्या प्रसंगात नव्हे, सातत्याने. श्रेयनामावलीची अक्षरं मधल्या पट्ट्यात दाटली आहेत की वरखाली पसरली आहेत? अक्षरांचा पुरावा मात्र जपून वापरावा, कारण थिएटरं वेगवेगळी असल्याने ती मुद्दामच आत घेतलेली असत. आणि त्या वर्षी, त्या देशात थिएटरांतल्या प्रोजेक्टरमध्ये कुठल्या मापाच्या पट्ट्या होत्या, हेही पाहायचं.

‘कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ला ही कसोटी लावली की तिढा कळतो. निगेटिव्हवर पूर्ण १.३७चं चित्र आहे. ब्रिटनमध्ये आणि युरोपात १.६६ रुळलेलं होतं. अमेरिकेत वॉर्नरने तो वितरित केला, आणि तिथे १.८५ची पद्धत. २०१२मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या आवृत्तीतही १.३७ आणि १.६६ असे दोन्ही आकार दिले होते. १.३७वाल्यांचा मुद्दा असा की प्रयोगशाळेचा सेट उंच आहे, काचेची भांडी, नळ्या, पाण्याची टाकी हे सगळं वरपासून खालपर्यंत मांडलंय, ते कशाला लपवायचं? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण १९५७पर्यंत रुंद पडदे येऊन चार वर्षं झाली होती. दिग्दर्शक टेरेन्स फिशर आणि कॅमेरामन जॅक अ‍ॅशर यांना आपला चित्रपट मोठ्या थिएटरांत पूर्ण उंचीने दिसणार नाही हे ठाऊक नसणं अशक्य. राक्षस झालेला ली बँडेजच्या पट्ट्या सोडत पहिल्यांदा चेहरा दाखवतो आणि कॅमेरा झपकन त्याच्यावर झेप घेतो, तो शॉट पाहा. चेहऱ्याच्या वर आणि खाली मोकळी जागा असली की झेप बोथट होते. १.८५मध्ये ती जरा जास्तच आवळते. मी १.६६ निवडतो, पण अमेरिकेत तो १.८५मध्ये पाहिलेला माणूसही चूक नव्हता. अशा खऱ्या संशयाच्या जागी तीन आकार देणं मला प्रामाणिक वाटतं. जिथे कागद स्पष्ट आहे तिथेही गिऱ्हाईक रुसेल म्हणून दोन-दोन आकार देणं हा नुसता धंदा.

सोळा मिलिमीटरवर केलेल्या चित्रपटांची गोष्ट अजून वेगळी. सॅम रेमीचा ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) मुळात १.३३च्या छोट्या फिल्मवर टिपलेला, मग ३५वर मोठा करून थिएटरांत १.८५मध्ये दाखवलेला. २०१०च्या ब्ल्यू-रेवर दोन्ही आहेत. इथे मी उलट बाजूचा आहे. आधीच लहान फिल्म, तिचा वरखालचा भाग टाकून उरलेलं मोठं करायचं म्हणजे फिल्मचे दाणे फुगून चित्र खरखरीत होतं, आणि त्या लाकडी झोपडीचं छत व तळघराचं दार यांच्यात सापडल्याची भावना १.३३मध्येच नीट येते. हे मत आहे, पुरावा नव्हे.

डिस्क बरोबर असून घरचा टीव्ही चूक असू शकतो. पुष्कळ टीव्ही कारखान्यातून येतानाच चित्राची कड थोडी कापून दाखवतात, याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो चालू करायचा, आणि ‘झूम’ व ‘वाइड’ला हात लावायचा नाही. तपासायचं असेल तर १.६६चा एखादा युरोपीय भयपट लावून कडा पाहा. डावी-उजवीकडे बोटभर काळ्या पट्ट्या दिसल्या तर सगळं ठीक. दिसल्या नाहीत तर एक तर टीव्ही कापतोय, नाही तर डिस्क काढणाऱ्याने आधीच कापून ठेवलंय.